दिल्ली लाइन, शेठ आणि पन्नास हजार

*ताई, सदर नेहमी वाचतो, पत्र पहिल्यांदाच लिहितोय. वय ३४, बी.कॉम. झालंय. राहायला चिंचवडला, गाव आष्टी तालुक्यात. दहा वर्षं एका फायनान्स कंपनीत वसुलीला आहे. आधी दुचाकीची कर्जं होती, आता ट्रक-टेम्पोची. हातात ३१ हजार पडतात. दिवसभर लोकांच्या दारात उभं राहून हप्ता मागायचा आणि संध्याकाळी टार्गेटवरून साहेबाच्या शिव्या खायच्या, याचा वीट आलाय. गाडी चालवताना मात्र डोकं शांत असतं. गावाकडचा एक मित्र दहा चाकी ट्रकवर आहे. त्याचे शेठ म्हणतात, ‘हेवी लायसन्स काढून या, दिल्ली लाइनवर गाडी देतो.’ पगार १८ हजार, फेरीला ७ हजार भत्ता, खाणं आपलं आपण. ‘महिन्याला पन्नास हजार कुठे गेले नाहीत,’ असं त्यांचं म्हणणं. वर्षभर चालवायचं, मग पीएफ काढून डाउन पेमेंट भरायचं आणि स्वतःची गाडी घ्यायची, असा बेत आहे. बायको म्हणते, ‘तुम्हाला गाडी चालवायची नाहीये, तुम्हाला इथून पळायचंय.’ मुलगी पाच वर्षांची आहे. सासरे म्हणाले, ‘ड्रायव्हरच करायचा होता तर तेव्हाच बघितला असता.’ तुमचं उत्तर येईपर्यंत राजीनामा देणार नाही, असं बायकोला कबूल केलंय. लवकर लिहा.*

भाऊ,

राजीनामा देऊ नका. कधीच देऊ नका असं म्हणत नाही, पण या शेठच्या भरवशावर आणि या हिशेबावर तर नक्कीच नको.

कुपवाड एमआयडीसीतल्या एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात मी बरीच वर्षं बिल्ट्या, म्हणजे मालाच्या पावत्या, फाडल्या आहेत. स्टेअरिंगवर कधी बसले नाही, पण फेरी करून आलेला ड्रायव्हर घरी जायच्या आधी हिशेबाला माझ्या टेबलासमोर बसायचा. त्यामुळे रस्ता कसा असतो हे मला त्यांच्या कागदांवरून आणि चेहऱ्यांवरूनच माहीत आहे. तेवढ्यावर बोलते.

आधी पन्नास हजारांचं बघू, कारण पत्रातली सगळी उडी त्या आकड्यावर उभी आहे. पुण्याहून दिल्ली साधारण साडेचौदाशे किलोमीटर. भरलेली गाडी दिवसाला साडेतीनशे-चारशे किलोमीटर काढते, म्हणजे जायला चार दिवस. तिथे गाडी खाली व्हायला एक दिवस, परतीचं भाडं लागायला एक-दोन दिवस, आणि परत यायला चार. फेरी दहा-अकरा दिवसांची झाली, म्हणजे महिन्याला अडीच फेऱ्या. भत्ता साडेसतरा हजार, पगार १८, एकूण साडेपस्तीस. दोन वेळचं जेवण, चहा-नाश्ता, आंघोळ-संडासाचे पैसे मिळून दिवसाला ४०० धरले तर सव्वीस दिवसांचे १०,४०० गेले. उरले पंचवीस हजार. तुम्ही ३१ हजारांवरून पंचवीसवर येताय, आणि तेसुद्धा महिन्यातले चार-पाच दिवसच घरी राहून.

मग शेठ खोटं बोलतात का? नाही. पन्नास हजार नेणारे ड्रायव्हर असतात, मी स्वतः त्यांचे हिशेब केलेत. पण ते पैसे कशातून येतात ते शेठ सांगत नाहीत. एक तर अडीचच्या जागी साडेतीन फेऱ्या मारून, म्हणजे झोप मोडून. दुसरं, डिझेल वाचवून. मालक फेरीला अमुक ॲव्हरेज ठरवून देतो, त्याच्यापेक्षा कमी डिझेल लागलं तर वाचलेलं ड्रायव्हरचं. भरलेली दहा चाकी लिटरला चार किलोमीटरच्या आसपास देते, म्हणजे एका बाजूला साडेतीनशे लिटरच्या वर डिझेल जळतं. त्यातलं पन्नास लिटर वाचलं तरी किती होतात, हे वसुलीतल्या माणसाने मला सांगावं.

आणि ते वाचवायला बरेच जण काय करतात, तर उतारावर गाडी न्यूट्रलला टाकतात. कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणारा उतार तुम्ही पाहिलाच असेल. भरलेली गाडी तिथे न्यूट्रलला सोडली की इंजिनचा अडसर सुटतो, सगळं ओझं एकट्या ब्रेकवर येतं, लायनर तापतात, आणि तापलेला ब्रेक धरत नाही. दुसऱ्या दिवशी पेपरात ‘ब्रेक निकामी झाल्याने’ अशी बातमी येते. ब्रेक आपोआप निकामी होत नाहीत हो, बहुतेक वेळा केले जातात. घाट ज्या गिअरमध्ये चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम आजही चुकीचा ठरलेला नाही. आणि यातली खरी गंमत अशी की आताच्या इंजिनांत गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडला की डिझेल जवळजवळ बंदच होतं. न्यूट्रलला मात्र इंजिन चालू राहायला डिझेल लागतंच. म्हणजे जीव धोक्यात घालूनही वाचत काही नाही. तरी लोक न्यूट्रलला टाकतात, कारण उस्तादाने तसं शिकवलेलं असतं.

शेठना एकच प्रश्न विचारा: ‘ॲव्हरेज किती धरता, आणि कमी आलं तर पगारातून कापता का?’ उत्तर देताना त्यांनी विषय बदलला तर तुम्हाला जे कळायचं ते कळलं.

आता ‘गाडी चालवताना डोकं शांत असतं’ या वाक्याकडे येते. खरं असेल ते. पण कारने घाटातून गावाला जाणं आणि अठ्ठावीस टनांची गाडी दिल्लीला नेणं यांत नुसत्या आकाराचा फरक नाही. ट्रकच्या कामात चालवणं हा त्यातल्या त्यात सुखाचा भाग आहे. बाकीचा सगळा वेळ थांबण्यात जातो. कंपनीच्या गेटबाहेर टोकन घेऊन थांबायचं, काट्यावर वजनाला थांबायचं, शहरात दिवसा नो एंट्री म्हणून बाहेर रस्त्याच्या कडेला थांबायचं, परतीच्या भाड्यासाठी ट्रान्सपोर्ट नगरात थांबायचं. २०१७ ला जीएसटी आला आणि राज्यांच्या सीमेवरचे विक्रीकराचे नाके गेले, फास्टॅगने टोलवरची रांगही आखडली. पण गेटबाहेरची रांग आहे तिथेच आहे. तिथला वेळ कोणी मोजत नाही, कारण तो ड्रायव्हरचा असतो.

गेटवर काय होतं तेही ऐकून ठेवा. वॉचमन चावी काढून घेतो, काडेपेटी काढून घेतो, काही ठिकाणी मोबाइलही. कॅन्टीन आतल्या लोकांसाठी असतं, संडास कुठे विचारलं तर बोट बाहेर दाखवतात. आणि हाक मारतात ती ‘ए ड्रायव्हर’ अशी. तुम्ही दहा वर्षं शर्ट खोचून, आयकार्ड गळ्यात घालून हिंडलात. लोक तुमच्यावर चिडले असतील, पण ‘साहेब’ म्हणूनच चिडले. वयाच्या विशीत क्लीनर म्हणून लागलेल्या पोराला ‘ए’ची सवय झालेली असते, तुम्हाला नाही. दुसऱ्या नोकरीतून या लाइनीत आलेली जी माणसं मी टिकताना पाहिली नाहीत, ती रस्त्याला कंटाळून गेली नव्हती, गेटला कंटाळून गेली होती.

क्लीनरचं निघालंच आहे तर, तुम्ही हे काम शिकणार कोणाकडून? पूर्वी पोरगा आधी क्लीनर व्हायचा, गाडी धुवायचा, ताडपत्री ओढायचा, रात्री मोकळ्या रस्त्यावर उस्ताद त्याच्या हातात स्टेअरिंग द्यायचा. दोन-चार वर्षांनी तो ड्रायव्हर व्हायचा. आता खर्च वाचवायला बहुतेक मालकांनी क्लीनर ठेवणंच बंद केलंय. ड्रायव्हर मिळत नाहीत म्हणून गाड्या उभ्या आहेत, आणि नवा ड्रायव्हर तयार होण्याची जी एक जागा होती ती त्यांनीच काढून टाकली! त्यामुळे हेवीचं लायसन्स हातात आलं रे आलं की तुम्हाला लगेच गाडी देणारे भेटतील. त्याचा आनंद मानू नका. तुमच्याकडे बघून नव्हे, उभ्या गाडीच्या हप्त्याकडे बघून ते गाडी देत असतात.

शिकायचं असतं ते पुस्तकात नसतं. एक साधी गोष्ट सांगते. मागच्या एक्सलला दोन्ही बाजूंनी जोडीचे टायर असतात. आतल्या टायरची हवा गेली तर बाहेरून काही दिसत नाही, बाहेरचा टायर दोघांचं ओझं घेऊन उभा असतो. म्हणून जाणता ड्रायव्हर चहाला थांबला की आधी टॉमी, म्हणजे लोखंडी दांडा, हातात घेऊन गाडीला एक फेरी मारतो. प्रत्येक टायरवर एक ठोका. हवा असलेला टायर टणक वाजतो आणि टॉमी उसळून परत येते, हवा गेलेला बद्द वाजतो. नवखा माणूस आधी चहा घेतो. पन्नास किलोमीटरवर बाहेरचा टायर फुटतो, आणि मग रात्री दोन वाजता जॅक लावत बसायचं.

कागदांचंही तसंच. माल भरताना नग मोजून सही तुमची असते. कंटेनर असेल तर सीलचा नंबर बिल्टीवरच्या नंबराशी जुळवून घ्यायचा असतो. ताडपत्रीला बोटभर भोक असलं आणि पाऊस लागला की पोचवर, म्हणजे माल मिळाल्याच्या सहीच्या कागदावर, शेरा येतो, ‘चार बॉक्स भिजले’. तो शेरा कोणाच्या पगारातून वजा होतो हे मी स्वतःच्या हाताने लिहिलंय, त्यामुळे सांगू शकते. ई-वे बिलाला, म्हणजे माल नेण्याच्या ऑनलाइन कागदाला, दर दोनशे किलोमीटरला एक दिवस मिळतो. गाडी बंद पडून मुदत संपत आली तर संपण्याच्या आधी आठ तास ते नंतर आठ तास एवढ्याच खिडकीत ती वाढवता येते, आणि ते काम ऑफिसने करायचं असतं. म्हणजे रात्री अकराला फोन उचलणारं ऑफिस हवं. नाहीतर तपासणीत गाडी अडकते, आणि गाडी अडकली की तिच्याबरोबर तुम्हीही अडकता.

तासांबद्दल कायदा काय म्हणतो? मोटार परिवहन कामगारांसाठी १९६१ सालीच कायदा झाला होता. दिवसाला आठ तास, लांब पल्ल्याला फार तर दहा, पाच तासांनी अर्धा तास विश्रांती, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. बिल्टीच्या टेबलावर त्याचा उच्चार मी कोणाच्या तोंडून ऐकला नाही. ‘माल उद्या सकाळी लागला पाहिजे’ एवढंच ऐकलं. पहाटे दोन ते पाच या वेळात डोळा लागतो आणि तो लागल्याचं कळत नाही. उत्तरेकडच्या लाइनींवर झोप उडवायला अफूपासून गोळ्यांपर्यंत सगळं देऊ करणारे भेटतात. पाठ, मूळव्याध, पाणी कमी प्यायल्याने होणारे मुतखडे यांची यादी तुम्हाला तुमचा मित्र देईल, खरं बोलणारा असेल तर.

आता तुम्हाला सगळ्यात उपयोगी पडेल असं सांगते. राजीनामा न देता तुम्हाला बरंच काही करून बघता येतं.

हेवी काढा. त्याला कोणाची परवानगी लागत नाही. वीस वर्षं पूर्ण आणि कारचं पक्कं लायसन्स निदान वर्षभराचं, या दोन्ही अटी तुमच्या कधीच पूर्ण झाल्यात. डॉक्टरचा फॉर्म १-ए लागेल, ड्रायव्हिंग स्कूलचं फॉर्म ५, म्हणजे शिकल्याचं सर्टिफिकेट, लागेल, लर्निंगनंतर तीस दिवस थांबून आरटीओत टेस्ट. फॉर्म ५ नुसतं पैसे देऊन मिळवू नका, तसं देणारे बरेच आहेत. पुण्यातच राहताय तर भोसरीच्या सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ रोड ट्रान्स्पोर्टमध्ये ड्रायव्हरांसाठी काय काय चालतं याची चौकशी करून या. ज्वालाग्राही माल वाहण्याचं वेगळं प्रशिक्षण आणि लायसन्सवर त्याची नोंद असते. तीही पुढे कामाला येईल, कारण गॅस आणि पेट्रोलच्या टँकरवर शिस्त जास्त असते आणि उडाणटप्पू मालक कमी.

दुसरं, त्याच्याही आधी करता येईल असं. सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२४ मध्ये निकाल दिला की एकूण वजन साडेसात टनांपर्यंतची मालाची गाडी साध्या एलएमव्ही, म्हणजे हलक्या गाडीच्या, लायसन्सवर चालवता येते, वेगळी नोंद लागत नाही. तेव्हा एखाद्या ओळखीच्या टेम्पोवाल्याबरोबर पंधरा दिवस रजा टाकून पिकअप चालवा. चाकण ते भिवंडी, रात्रीच्या पार्सलच्या फेऱ्या. भरलेली गाडी ब्रेकला कशी वागते, गोडाऊनवाला तुमच्याशी कसा बोलतो, सकाळी सहाला घरी येऊन दिवसा झोप लागते का, एवढं त्यात कळतं. एकुलती एक रजा त्यात जाईल. जाऊ दे.

मग हेवी आल्यावर मित्राच्या गाडीवर दुसरा ड्रायव्हर म्हणून दिल्लीची एक पूर्ण फेरी, बिनपगारी का होईना. जमल्यास डिसेंबर-जानेवारीत करा, म्हणजे हरियाणाकडचं धुकं दिसेल. बॉनेटपुढचं दिसत नाही आणि मागचा हॉर्न मारतोय, अशा दोन रात्री काढल्यात की मला परत पत्र लिहायची गरज उरणार नाही.

एवढं करूनही मन तिथेच असेल तर चला, हरकत नाही. पण मग रस्ता निवडण्याआधी मालक निवडा, आणि जमलं तर दिल्ली लाइन निवडूच नका. बाजारातलं भाडं धरणारी गाडी आणि ठरलेल्या लाइनीवरची गाडी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. चाकणहून चेन्नईकडे गाड्यांचे सुटे भाग नेणाऱ्या गाड्या बघा, कोल्हापूरहून वाशीला जाणारे दुधाचे टँकर बघा. माल ठरलेला, वार ठरलेला, परतीचा भरोसा. भत्ता थोडा कमी वाटेल, पण अमुक दिवशी मी घरी असेन असं मुलीला सांगता येईल. काही कंपन्या आता टप्प्याटप्प्याला ड्रायव्हर बदलून गाडी पुढे पाठवतात, म्हणजे गाडी दिल्लीला जाते आणि तुम्ही मधूनच दुसरी गाडी घेऊन मागे फिरता. अशी जागा मिळाली तर पगारावर घासाघीस करत बसू नका.

मालकाला काय विचारायचं? गाडी कोणत्या सालची हे विचारा. २०२५ पासून लागू झालेल्या नियमाने नव्या बनणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकांना केबिनमध्ये एसी सक्तीचा आहे. मे महिन्यात राजस्थान ओलांडताना ही चैन नसते. पीएफ भरता का विचारा. आणि विम्याची पॉलिसी बघायला मागा, लाजू नका. मोटार वाहन कायद्याखाली गाडीच्या विम्यात पगारी ड्रायव्हरची भरपाई यावी लागते. ती पॉलिसी चालू आहे ना, एवढं स्वतःच्या डोळ्यांनी बघा. गाडीचा फिटनेस आणि नॅशनल परमिटही.

अपघाताचं कोणी बोलत नाही, म्हणून मी बोलते. तुमच्या हातून अपघात झाला तर जखमीला दवाखान्यात नेणं आणि पोलिसांना कळवणं हे ड्रायव्हरचं कायदेशीर कर्तव्य आहे. जमाव खवळल्यामुळे ते शक्य नसेल तर, अशी सवलतही त्याच कलमात आहे. कायदा लिहिणाऱ्यांना आपला रस्ता ठाऊक होता म्हणायचा. जमाव असेल तर तिथून निघा, पण थेट पोलीस ठाण्यात जा. निष्काळजीपणाने मृत्यू झाल्यास नव्या न्यायसंहितेत पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. न कळवता पळून गेल्यास दहा वर्षांपर्यंत, असं जे पोटकलम होतं, त्यावरून जानेवारी २०२४ मध्ये देशभर ट्रक उभे राहिले, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. सरकारने चर्चेचा शब्द दिला, आणि १ जुलै २०२४ ला संहिता लागू झाली तेव्हा तेवढं पोटकलम बाजूला ठेवलं. शेठना विचारा, ‘असं काही झालं तर जामिनाला कोण येणार?’ ट्रान्सपोर्टच्या धंद्यात मालकाची परीक्षा या एका दिवशी होते. आणि त्या दिवशी मालक आला की नाही, हे त्याच्या जुन्या ड्रायव्हरांना पक्कं ठाऊक असतं. त्यांना गाठून विचारा.

स्वतःच्या गाडीबद्दल तर मला तुमचंच नवल वाटलं. तुम्ही ट्रकच्या कर्जाची वसुली करता! ज्या दारांत उभे राहता ती घरं कोणाची आहेत? एकच गाडी असलेल्या मालकांचीच ना? बॉडी, विमा धरून नवी दहा चाकी आज चाळीस लाखांच्या घरात जाते. ३५ लाखांचं कर्ज, साडेदहा टक्के, पाच वर्षं, तर हप्ता ७५ हजारांच्या वर. एक टायर वीस हजारांच्या पुढे आणि तसे दहा. नुसत्या थर्ड पार्टी विम्याचा वर्षाचा हप्ता चाळीस हजारांच्या वर. गाडी पंधरा दिवस उभी राहिली तरी हप्ता उभा राहत नाही. तो का थकतो, हे त्या माणसांना एकदा नीट विचारा. आजवर ‘कधी भरताय’ एवढंच विचारलं असेल, ‘कशामुळे थांबला’ हे विचारून बघा. कोणाचं भाडं चार महिन्यांच्या उधारीवर अडकलेलं असेल, कोणाची गाडी अपघातानंतर पोलीस ठाण्याच्या आवारात गंजत असेल. गाडीमालक होण्याचं याहून चांगलं शिक्षण फुकट मिळणार नाही, आणि तुमची कंपनी वर त्याचा पगार देतेय. पीएफला हात लावू नका. निदान तीन वर्षं दुसऱ्याच्या गाडीवर काढल्याशिवाय स्वतःच्या गाडीचं नावही काढू नका.

आता वहिनींचं. त्यांचं म्हणणं मला अर्धं पटलं. तुमच्या पत्रात वसुलीच्या नोकरीबद्दल चार वाक्यं आहेत आणि ट्रकबद्दल जे आहे ते बहुतेक मित्राचं आणि शेठचं आहे. म्हणून एक करा. समजा उद्या कोणी म्हणालं, ३१ हजारच घ्या, पण वसुली नाही, चाकणच्या एखाद्या ट्रान्सपोर्टमध्ये भाड्याला गाड्या लावून द्यायचं टेबल सांभाळा. तर तुम्ही जाल का? मनात पटकन ‘हो’ आलं तर वहिनी बरोबर आहेत, आणि मग तीच नोकरी शोधा. ट्रक, कर्ज, मालक यांची माहिती असलेला पदवीधर माणूस त्या टेबलांना हवाच असतो. ‘नाही, मला गाडीच हवी’ असं आलं तर मात्र वहिनींना तसं सांगा, आणि पंचवीस हजारांचा वरचा हिशेब त्यांच्यापुढे मांडून सांगा, पन्नासचा नको. महिन्यातले पंचवीस दिवस घर, शाळा, ताप-खोकला, गॅस, लाइटबिल एकट्या त्या बघणार आहेत. निर्णय तुमचा एकट्याचा नाही, कारण त्यातलं जास्तीचं काम त्यांच्या वाट्याला येतंय.

सासऱ्यांचं बोलणं लागलं असेल. ड्रायव्हरला मुलगी देत नाहीत हे आपल्याकडे उघड बोललं जातं, आणि बोलणाऱ्यांच्या घरातलं दूध, गॅस, कांदा सगळं ड्रायव्हरच आणून टाकतो. पण त्यांच्याशी वाद घालून उपयोग नाही. त्यापेक्षा मुलीच्या शाळेच्या फॉर्मवर ‘वडिलांचा व्यवसाय’ या रकान्यात ‘ट्रकचालक’ लिहिताना तुमचा स्वतःचा हात अडखळतो का, ते बघा. अडखळला तर गेटवरचा ‘ए’ तुम्हाला सहन होणार नाही.

लर्निंग निघालं की कळवा. आणि शेठनी पॉलिसी दाखवली की नुसता चहाच पाजला, तेही लिहा.

तुमची,
ताई